रुमडेमाथ्यावरचा ढग

आईने मंगळवार सकाळची मुदत दिली होती. तोपर्यंत मेज सालातून, म्हणजे पुढच्या मोठ्या खोलीतून, बाहेर गेलं पाहिजे. गुरुवारी बाबांचं वर्षश्राद्ध, त्याआधी साला धुऊन काढायचा, आणि पंगत बसणार ती तिथेच. ती काही काजूच्या बियांच्या फौजेला वळसा घालून बसणार नव्हती. म्हणजे लढाई संपवायला आमच्या हातात एकच रविवार होता.

लढाई अकरा महिने आणि वर काही दिवस नवव्या खेळीवर थांबली होती. ती खेळी झाल्यावर बाबा स्टुलावरून उठले, दहावी पुढच्या रविवारी म्हणाले, आणि शुक्रवारी गेले. तेव्हापासून मेजावर जुनी चादर होती. आई रोज ती काढायची, रंगाच्या ब्रशने धूळ झटकायची, एकेक बी उचलून पुसून होती तिथेच ठेवायची, आणि हे करताना खेळाला आणि खेळणाऱ्यांना जे बोलायचं ते बोलून घ्यायची. बाबा असतानाही ती हेच बोलायची. तेव्हा ऐकायला कुणीतरी होतं.

बाबा खाणीवर सर्व्हेअर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी प्लायवूडच्या फळ्या जोडून जवळजवळ सालाएवढं मेज केलं आणि त्यावर साखळीपासून मोपापर्यंतचा उत्तर गोव्याचा मुलूख उभा केला. वाळवंटी नावाची नदी, पूल, बाजार, पोफळीची कुळागरं, टेकड्या, सगळं. दिवाळीला नरकासुराचे पुतळे करणाऱ्या पोरांकडून ते कागदाचा लगदा लावायला शिकले होते, त्यामुळे आमच्या टेकड्या जवळून पाहिल्या तर त्यांना किंचित राक्षसी गालफडं आहेत. त्या मुलुखावर बाबा आणि अनंतकाका लढाया खेळू लागले. अनंतकाका दोडामार्गचे. खाण चालू होती तेव्हा ते तिथेच खनिजाचा टिपर ट्रक चालवायचे. मग सरस्वतीबाई आल्या. साखळीच्या शाळेत भूगोल शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि निम्म्या गावाने त्यांच्या छड्या खाल्लेल्या आहेत, मीसुद्धा. त्यांच्याबरोबर खेळाला नियम आले. त्यांची फौज काजूच्या बियांची, अनंतकाकांची चिंचोक्यांची. रणगाडे म्हणजे काड्यापेट्या आणि तोफा म्हणजे सोड्याच्या बाटल्यांची टोपणं. पहिल्या वर्षी बियांऐवजी शेंगदाणे होते, पण चहाच्या वेळेपर्यंत एक पलटण खलास व्हायची.

मग बाबांनी संगणक घेतला आणि त्यावर विमान उडवायचा सिम्युलेटर. त्यात उपग्रहातून दिसते तशी सगळ्या जगाची जमीन होती. बाबा कुठेही जाऊ शकले असते. ते डिचोलीवर घिरट्या घालायचे. तिथेच त्यांच्या डोक्यात आलं असावं की सिम्युलेटरमध्ये जमीन आहे पण सरस्वतीबाईंची फौज नाही, आणि मेजावर फौज आहे पण आकाश नाही, तर दोन्हींचं लग्न लावून द्यावं.

लग्न असं लावलं. दोन्ही बाजूंचे वैमानिक आतल्या खोलीत दोन संगणकांसमोर, सेनापती सालात मेजाभोवती, आणि मधल्या दारात स्टुलावर पंच, म्हणजे बाबा. वैमानिकाने ओरडून सांगायचं की मी अमुक पुलावर आहे, इतक्या उंचीवर. बाबा पडद्यावर नजर टाकून खात्री करायचे, मग मेजावर त्या जागी, त्या उंचीची काठी धरायचे आणि काठीच्या टोकापासून शत्रूच्या चिंचोक्यापर्यंत सुतळी ताणायचे. सुतळी मधे टेकडीला अडली तर वैमानिकाला चिंचोका दिसत नाही, नाही अडली तर दिसतो. दिसला तर बाबा दारातून आत सांगायचे, आणि ज्याचा चिंचोका किंवा बी असेल तो सेनापती कपाळाला हात लावायचा. साधी गोष्ट होती. त्या साध्या गोष्टीवर चार माणसं रविवारचा अख्खा दिवस भांडू शकायची.

त्या रविवारी सगळ्यांत आधी अनंतकाका आले. मग हरमलहून सुदेशदादा, सोबत त्याची भाची शीतल. सुदेशदादाचा धंदा खोल्या आणि स्कूटर भाड्याने देण्याचा. तो अनंतकाकांचा वैमानिक. विमान उडवतो ते बसच्या रस्त्याने. मोपाहून निघाला की खाली रस्ता वळेल तसं वळायचं, आडवं जायचं नाही, चुकायला नको. सरस्वतीबाईंचा वैमानिक नोकरीसाठी दुबईला गेला होता, म्हणून त्यांच्या बाजूने शीतल. ती मोपा विमानतळावर सामान तपासून घेण्याच्या काउंटरवर कामाला आहे. आपल्याला विमानं रोज बुडाकडून दिसतात, एकदा नाकाकडून बघायची आहेत, असं तिने मला आल्या आल्या सांगितलं. ती आमच्याकडे पहिल्यांदाच येत होती.

सरस्वतीबाईंनी आल्यावर चप्पलही न काढता फोनमधला अकरा महिन्यांपूर्वीचा फोटो उघडला आणि मेजाशी ताडून पाहिला. पुलाजवळची एक बी बोटभर सरकलेली निघाली. आईने स्वयंपाकघराच्या दारातूनच बजावलं की तिने एक बीसुद्धा हलवलेली नाही, फोटो तिरका काढला असेल. दोघींत जरा वेळ तणाव होता. मग सरस्वतीबाई माझ्याकडे वळल्या आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. तुला जमेल तसं कर, बाळ, त्या म्हणाल्या. नाही जमलं तरी काही नाही.

अकरा महिने सगळे माझ्याशी असंच बोलत होते. मी पुण्याहून इकडे आले, नोकरी घरून करायला लागले, आईला हे खा ते खा म्हणाले, बाबांचे कपडे कुणाला द्यायचे ते ठरवलं, आणि माझं कुठलंच म्हणणं कुणीही खोडून काढलं नाही. एकदा मी सरळ सरळ चुकीची तिथी सांगितली तरी भटजीसुद्धा हळूच म्हणाले, बघू. शोकातल्या माणसाशी कुणी वाद घालत नाही. सुरुवातीला बरं वाटतं. पुढे पुढे माणूस पाहुण्यासारखा होतो, स्वतःच्याच घरात.

पंच मी व्हायचं हेही असंच ठरलं होतं, वाद न होता. मला नियम माहीत होते. मी सुट्टीला आले की बाबांच्या शेजारी बसून सुतळीचं दुसरं टोक धरायची. पण माझ्या मनात एक गोष्ट होती जी मी कुणाला सांगितली नव्हती. मला ही लढाई बाबांनी संपवली असती तशी संपवायची होती. निकाल त्यांचा वाटला पाहिजे. त्यानंतर मेज गेलं तरी चालेल.

मी स्टुलावर बसले. सरस्वतीबाईंची एक पलटण रुमडेमाथ्याच्या शिखरावर होती. मेजावरची ही सगळ्यांत उंच टेकडी, साखळीच्या अलीकडची. अनंतकाकांच्या चारही तोफा त्याच टेकडीच्या पाठीमागे, पायथ्याला. म्हणजे बिया वर, टोपणं खाली, आणि नियमाप्रमाणे विमानाने पाहून कळवल्याशिवाय बियांना टोपणांचा पत्ता नाही.

खेळीच्या सुरुवातीला पंचाने हवामान सांगायचं असतं. मी आत डोकावून दोन्ही पडदे पाहिले. छान ऊन होतं.

"आकाश स्वच्छ," मी म्हणाले.

अनंतकाकांनी माझ्याकडे पाहिलं. सरस्वतीबाईंनीही पाहिलं, पण वेगळं. मला त्याचा अर्थ कळला नाही. मी घड्याळ लावलं आणि विमानं उडाली.

सुदेशदादा मोपाहून निघाला आणि शिस्तीत दोडामार्गच्या रस्त्याला लागला. शीतलला रस्त्यांची काही पडलेली नव्हती. ती सरळ रेषेत आग्नेयेला आली आणि मला काही सुचायच्या आत ओरडली, "ताई, मी डिचोली ओलांडली. पुढे काय बघू?"

सरस्वतीबाई सालातून म्हणाल्या, "रुमडेमाथ्याच्या मागे बघ."

"माथा कुठला?"

मी आत जाऊन तिला पडद्यावर बोटाने दाखवलं, तिथे. तिने विमान कलतं केलं आणि खाली पाहिलं. मीही तिच्या खांद्यावरून पाहिलं.

"इथे डोंगर नाही, ताई," शीतल म्हणाली. "इथे पाणी आहे. हिरवं पाणी, आणि बाजूने पायऱ्या पायऱ्या कापल्यात. तोफा ठेवायला जागाच नाही."

सालातून अनंतकाका म्हणाले, अगदी हळू, "गो बाय, ढग खय गेलो?"

तेव्हा मला आठवलं. बाबांचं हवामान नेहमी एकच असायचं: आकाश स्वच्छ, रुमडेमाथ्यावर ढग. संगणकात हवं तसं हवामान लावता येतं, पण त्यांनी कधी लावलं नाही. हा ढग निव्वळ तोंडी होता. वैमानिकाने त्या टेकडीवर जायचं नाही, आणि लांबून पाहायचंही नाही. सुदेशदादा कुरकुरायचा की माका तर ऊनच दिसता, आणि बाबा म्हणायचे, तुला काय दिसतंय ते सोड, मी सांगतो ते बघ. मला ती त्यांची एक लहर वाटायची. मी ढग सांगायला विसरले नव्हते. तो नियम आहे हेच मला माहीत नव्हतं.

रुमडेमाथा खरा होता. बाबा त्याच्या पायथ्याशी वाढले. मग खाण आली ती वरून सुरू झाली. बाबांनी तो डोंगर दर महिन्याला मोजला आणि दर महिन्याला तो आधीपेक्षा कमी भरला. अनंतकाकांनी तो टिपरमधून धक्क्यावर नेऊन बार्जमध्ये ओतला. डोंगर संपल्यावर खड्डा सुरू झाला, आणि खाण बंद पडल्यावर खड्ड्यात पावसाचं पाणी राहिलं. मेज केलं तेव्हा सरस्वतीबाईंनी बाबांना टोकलं होतं की ही टेकडी फार उंच झाली. बाबा म्हणाले, मोजून केली आहे. ते खरंही होतं. त्यांनी पहिलं मोजमाप वापरलं होतं.

हे सगळ्यांना ठाऊक होतं. शीतल लांबची, पेडण्याकडची, तिला ठाऊक नव्हतं, एवढंच.

आता सरस्वतीबाई उभ्या राहिल्या. त्यांचं म्हणणं मुद्देसूद होतं. पंचाने आकाश स्वच्छ सांगितलं आहे. वैमानिकाने पाहिलं आहे. तोफा जिथे आहेत तिथे जमीन नाही, पाणी आहे, म्हणजे तोफा बुडाल्या. खेळ पुढे चालवा.

अनंतकाका म्हणाले की लढाई सुरू झाली तेव्हा ढग होता. "माझ्यो तोफो मी त्या ढगाच्या भरवशार ठेवलंय. मधीच ढग काडून घेतलो तर तो काय न्याय?"

"अकरा महिने एकच ढग एकाच जागी?" सरस्वतीबाई म्हणाल्या. "मी भूगोल शिकवलाय, अनंता. असा ढग जगात नाही."

"असो डोंगरय जगात नाय. तुमच्यो बियो मगे कशार चढल्यो?"

अनंतकाका आता खुर्चीतून उठले आणि मजेत आले. जर टेकडी नसेल, तर शिखरही नाही. शिखर नसेल, तर शिखरावरची पलटण कुठे आहे? हवेत? माझी टोपणं बुडाली असतील तर तुमच्या बिया त्यांच्या आधी बुडाल्या, कारण त्या वरून पडल्या. आतून सुदेशदादा खो खो हसला. तो अजून दोडामार्ग रस्त्यावरच होता.

सरस्वतीबाईंनी मग माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा तो खालचा आवाज. "गौरवी, तुला योग्य वाटेल ते सांग. ढग म्हणालीस तर ढग. आम्ही काही म्हणणार नाही."

अनंतकाकांनीही मान हलवली. ढग म्हण बाय, सगळ्यांचं भलं.

मी पाच मिनिटं मागून घेतली आणि स्टुलावर बसून राहिले. बाबांनी काय केलं असतं यात शंकाच नव्हती. बाबांनी ढग आणला असता, दोघांच्या मधे हात फिरवून, चहा मागवून. आणि तिथेच मला दुसरी गोष्ट लक्षात आली. इतक्या वर्षांत बाबांच्या एकाही लढाईचा निकाल लागला नव्हता. सगळ्या बरोबरीत. आम्ही समजायचो दोन्ही सेनापती तुल्यबळ आहेत. तसं नव्हतं. मुलुखाच्या मधोमध अशी एक जागा होती जिथे कुणी पाहायचंच नाही. जो आधी तिच्या आड जाऊन बसेल त्याला कुणी हलवू शकत नसे, आणि जो आड नाही तो पुढे येत नसे. मग संध्याकाळ व्हायची.

मी ढग म्हणाले असते तर आजही संध्याकाळ झाली असती. निकाल बाबांचा झाला असता, आणि लढाई अर्धीच मंगळवारी दाराबाहेर गेली असती. दोन्ही एकदम मिळणार नव्हतं.

आत शीतल त्या पाण्यावर गोल गोल फिरत होती. "ताई, इंधन जातंय," ती म्हणाली. "मी इथे किती वेळ थांबू?"

मी उभी राहिले.

"रुमडेमाथा नाही," मी म्हणाले. "तिथे पाणी आहे. अनंतकाकांच्या तोफा बुडाल्या. आणि बाई, तुमची पलटणही बुडाली."

मी तोंडातले शब्द मागे घेते की काय याची दोघं वाट पाहत असावेत. मी घेतले नाहीत. मग सरस्वतीबाईंचा खरा आवाज परत आला. पलटण बुडाली म्हणजे काय, मी नवव्या खेळीत रीतसर चढले होते, तुझ्या वडिलांनी स्वतः बिया मोजून वर ठेवल्या होत्या, पंचाला डोळे आहेत की जायफळं? अनंतकाका म्हणाले की सगुणाच्या, म्हणजे माझ्या बाबांच्या, घरात त्याच्याच डोंगराला नाही म्हणणारी पंच ही कोण आणि कुठल्या शाळेत शिकली. सरस्वतीबाई म्हणाल्या शाळा काढू नकोस, ती माझ्याच शाळेत शिकली, आणि तेव्हाही नकाशा भरताना चुका करायची. मी म्हणाले पंचाचा निकाल शेवटचा. अनंतकाका म्हणाले, कोणी सांगल्यान? मी म्हणाले, नियम बाईंचाच आहे. बाई म्हणाल्या, नियम माझा आहे, पण तो चांगल्या पंचासाठी केला होता.

आम्ही तिघंही एकाच वेळी बोलत होतो. माझा घसा दुखेपर्यंत मी बोलले. अकरा महिन्यांत माझ्यावर कुणी ओरडलं नव्हतं, आणि मी किती तहानलेली होते ते मला तोपर्यंत कळलं नव्हतं.

शेवटी सरस्वतीबाईंनी निकालाची अंमलबजावणी मागितली. टेकडी नाही ना, मग काढा मेजावरून. खेळात नसलेली वस्तू मेजावर नको. ठीक आहे, मी म्हणाले. अनंतकाका बाबांचा स्क्रूड्रायव्हर घेऊन मेजाखाली शिरले. पण बाबांनी आत बांबूचा सांगाडा करून तो खालून स्क्रूंनी आवळला होता आणि वर डिंकाचे थर दिले होते. दोन स्क्रू निघाले, बाकीचे गंजले होते. सुदेशदादा विमान देवाच्या भरवशावर सोडून मदतीला आला. दोघांनी टेकडीला मिठी मारून ओढून पाहिलं. मेज उचललं गेलं, टेकडी नाही.

अनंतकाका घाम पुसत खाली बसले. "पयल्या खेपेक आमका बावीस वर्सां लागली," ते म्हणाले, "तीय तीसभर टिपरां घेवन. आता एक स्क्रूड्रायव्हर घेवन ह्यो बायो आमका सांगतत."

मी हसले. मग सरस्वतीबाई हसल्या, आणि त्यांनी लगेच हसणं आवरलं, कारण त्या अजून रागावलेल्या होत्या.

आई चहा आणि पोदेराच्या भट्टीतले उंडे पाव घेऊन आली होती आणि ट्रे कुठे ठेवायचा ते बघत होती. काय चाललंय ते तिने विचारलं. मी सांगितलं की इथे पाणी हवं आहे आणि टेकडी निघत नाही. तिने ट्रे खुर्चीवर ठेवला, आत गेली, आणि पितळेचं तसराळं पाण्याने भरून आणून रुमडेमाथ्याच्या शिखरावर दाबून बसवलं. कागदाचं शिखर चेपलं, पण तसराळं बसलं.

"हें घेयात तुमचें पाणी," ती म्हणाली. "च्या थंड जाता."

अनंतकाकांनी आपली चार टोपणं त्यात सोडली. ती तरंगली. त्यांनी आशेने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की तोफ तरंगत नाही, आणि ती काढून बाजूला ठेवली. सरस्वतीबाईंनी तेवढ्यात मुद्दा पकडला: तोफ नाही तरंगत, पण माणूस पोहतो. माझे सैनिक पाण्यात सोडा, जे वर राहतील ते जिवंत.

यावर अनंतकाका फार खूश झाले. काजू लावताना बिया आधी पाण्यात सोडतात हे इथे पोरासोरांनाही माहीत असतं. बुडते ती भरलेली, लावायच्या कामाची. तरंगते ती पोकळ, फेकायची. बाईंना हवं असेल तर बाईंनी आपली पोकळ माणसं खुशाल ठेवावीत. सरस्वतीबाई म्हणाल्या, बुडणाऱ्या गुणवानापेक्षा पोहणारा पोकळ बरा. पंचाने काय ते सांगावं.

मी सांगितलं, तरंगतील त्या जिवंत.

सरस्वतीबाईंनी बिया एकेक करून सोडल्या. घरात उन्हाळे-पावसाळे काढलेल्या त्या बिया बऱ्याच वाळल्या होत्या. काही दगडासारख्या खाली गेल्या, पण पाच वर राहिल्या, आणि एक बराच वेळ विचार करून बुडाली. आईसुद्धा वाकून पाहत होती. पाच बिया पुसून मी टेकडीच्या पायथ्याला ठेवल्या, पुलाच्या बाजूला, कारण सरस्वतीबाईंचं म्हणणं पडलं की पोहणारा माणूस आपल्या फौजेच्या दिशेने पोहतो.

त्यानंतर लढाई फार चालली नाही. मधली जागा उघडी पडल्यावर दोघांनाही लपायला काही उरलं नव्हतं. दोघं समोरासमोर आले आणि चिंचोके-बिया भराभर मेजावरून उठू लागल्या. बाराव्या खेळीत अनंतकाकांनी साखळीचा बाजार घेतला. शेवटी पूल ज्याच्या हातात त्याची लढाई, म्हणून आता त्यांना फक्त पूल हवा होता, आणि पुलाकडे काय चाललंय ते सुदेशदादाने पाहून सांगायला हवं होतं. पण सुदेशदादाचं सोडून दिलेलं विमान मघाशी एका कुळागरात पडलं होतं आणि तो मोपाहून नव्याने निघाला होता, बसच्या रस्त्याने. अनंतकाका आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन विनवत होते की बाबा रे, एकदा तरी आडवो ये. सुदेशदादा म्हणाला, आडवं आलो तर चुकतलंय. तो येईपर्यंत पाच पोकळ बिया पुलावर जाऊन बसल्या होत्या.

मी घड्याळ थांबवलं. "सरस्वतीबाई जिंकल्या," मी म्हणाले.

मेज झाल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी जिंकलं होतं, त्यामुळे पुढे काय करायचं असतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. शीतलने टाळ्या वाजवल्या आणि मग एकटीच वाजवतोय हे पाहून थांबली. अनंतकाका खुर्चीत बसून उंडा चहात बुडवत म्हणाले की ते ही लढाई मानत नाहीत. ढग काढला तिथेच ती फुकट गेली. हरकत ते लेखी देतील, आणि पंचाला समोर बसवून वाचून दाखवतील. सरस्वतीबाई म्हणाल्या की जिंकल्या तरी त्याही समाधानी नाहीत. पोकळ बियांनी जिंकणं हे काही खरं नव्हे, आणि पंचाने त्यांची पलटण बुडवली ती बुडवलीच. दोघांचं प्रथमच एकमत झालं होतं, माझ्याविरुद्ध.

"मग परत खेळा," सुदेशदादा म्हणाला. मेज उचलून न्यायला त्याचा टेम्पो मंगळवारी येणारच होता. मेज हरमलला नेता येईल, मागची मोठी खोली दिवाळीनंतरच भाड्याने जाते. अनंतकाका म्हणाले हरमल लांब पडतं. सरस्वतीबाई म्हणाल्या लांब पडलं तर विमानाने ये. मग पंच कोण, हा प्रश्न आला, आणि दोघांनी एकदम माझ्याकडे रागाने पाहिलं.

"हीच," सरस्वतीबाई म्हणाल्या. "हिच्याशी माझं अजून बोलून संपलेलं नाही."

मी म्हणाले की वर्षश्राद्ध झाल्यावर मला एकदा पुण्याला जाऊन यायचं आहे. सरस्वतीबाईंनी कधी परत येणार ते विचारलं, आणि मी दिवाळीआधीच्या रविवारी येते असं सांगितलं तर म्हणाल्या की शनिवारी ये, नकाशा तपासायचा आहे. खाणी नव्याने मोजाव्या लागतील. मेजावरच्या निम्म्या टेकड्या आता नसतील.

अनंतकाका मान खाली घालून चहा पीत होते. "सगळ्यो नको," ते म्हणाले.

यावर कुणी वाद घातला नाही. मी पण नाही.

आई कप गोळा करायला आली. मेजावर बिया आणि चिंचोके विस्कटून पडले होते, शिखर चेपलेलं होतं, आणि तसराळ्यात तळाशी सात-आठ बिया होत्या. तिने ते सगळं एकदा पाहिलं. ब्रश आणायला जाईल असं मला वाटलं, पण ती गेली नाही.

"सोपली मगे तुमची लढाय?" तिने मला विचारलं.

"ही संपली," मी म्हणाले.

"कोण जिखलें?"

मी सांगायला तोंड उघडलं, पण माझ्या आधी अनंतकाका आणि सरस्वतीबाई दोघंही बोलायला लागले.